चिंबोरी कामावर हाय

तार माझ्या हातात आली. सगळीच आली, हे दुर्दैव.

सगुणाताईंच्या पुढच्या खोलीत भिंतीच्या पायथ्याशी एका दोन इंची पाइपाचं तोंड आहे. त्यातून तारेचं गंजकं टोक डोकावत होतं. ते मी धरलं, जरासं ओढून पाहिलं, तर तार सुरसुरत यायला लागली. जमिनीखालून गेलेला चाळीस फुटी पाइप, त्यात अकरा वर्षं पडून राहिलेली तार, आणि तरी ती इतकी शहाण्यासारखी येते म्हटल्यावर मला माझ्या हाताचंच कौतुक वाटलं. मी ओढत गेलो, मनगटाभोवती वेटोळं करत गेलो. शेवटचं टोक पाइपातून टणकन बाहेर पडून फरशीवर दोनदा नाचलं, तेव्हा पाळण्याची दोरी हातात धरून उभी असलेली अनिता हळूच म्हणाली, "सर, मागच्या खोलीतल्या टोकाला आधी वायर बांधायची होती ना?"

होती. गवंड्यानं ती तार ठेवली होतीच त्यासाठी. मागच्या खोलीत तारेला इंटरनेटची वायर बांधायची, पुढच्या खोलीतून तार ओढायची, की वायर पाइपातून मुकाट्यानं इकडे येते. पाचवीतल्या पोरालाही सांगावं लागू नये. मी तर पाचवी ते दहावीच्या पोरांना छत्तीस वर्षं शास्त्र शिकवलंय.

सगुणाताई दारात पाटावर बसून चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या, नांग्या बांधत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या वेटोळ्याकडे पाहिलं, पाइपाच्या मोकळ्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या चिंबोरीची गाठ पुरी केली आणि म्हणाल्या, "मास्तर, भंगारवाला बुधवारी येतो."

हा रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. आणि सोमवारी सकाळी दहाला पनवेलच्या एका हॉस्पिटलातून अनिताच्या कंप्युटरची तपासणी होणार होती. रोग्यांचे फोन घ्यायचे, डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या, नोंदी करायच्या, असं घरात बसून करायचं काम तिला मिळालं होतं. अटी दोनच. काम मोबाइलवर चालणार नाही, टेबलावरचा मोठा कंप्युटर पाहिजे. आणि त्याला नेट वायरीनं जोडलेलं पाहिजे, हवेतून आलेलं नको, कारण हवेतलं मधेच जातं आणि रोगी तिकडे 'हॅलो, हॅलो' करत बसतो. सोमवारी दहाला जोडणी चालू दिसली तर काम हिचं. नाही दिसली तर यादीतल्या पुढच्या बाईचं.

अनिता माझी रोह्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. माहेर अष्टमीचं. पूल ओलांडून शाळेत यायची आणि रोज पाच मिनिटं उशिरा यायची. आता मी निवृत्त होऊन पेणला असतो आणि ती वडखळच्या पुढे खाडीच्या अंगाला असलेल्या या गावात, सगुणाताईंची सून म्हणून नांदते. नोकरीचा अर्ज भरताना तिनं मला फोन केला, बोलता बोलता कंप्युटरचा विषय निघाला, आणि माझ्याकडे एक पडून आहे असं मी बोलून गेलो. "तो एकदाचा जाऊ दे घरातून," असं माझी बायको शेजारून म्हणाली, ते अनितानंही ऐकलं. शनिवारी मी तो रिक्षात घालून घेऊन आलो. रविवारी खरं म्हणजे माझं तिथे काही काम नव्हतं. वायर ओढायला धनेश येणार होता. धनेश हा नेट जोडणारा. शनिवारी त्यानं पुढच्या पडवीत नेटचा डबा बसवला, दोन्ही टोकांना पिना बसवलेलं वायरीचं भेंडोळं ठेवलं आणि "उद्या ओढतो" म्हणून गेला. रविवारी त्याचा फोन आला, की मी रोह्यात अडकलोय, आता मंगळवारीच. तेव्हा मी म्हणालो, "त्यात काय, मी ओढतो."

हे वाक्य आमच्या घरात मला म्हणू देत नाहीत.

सगुणाताईंची ओळख करून द्यायची तर त्यांच्या चालण्यापासून करावी लागेल. बाई चालताना मान हलत नाही. बाराव्या वर्षापासून मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, त्यामुळे खांद्याखालची सगुणाताई कितीही घाईत असली तरी मानेवरची सगुणाताई संथ असते. शाळा चौथीपर्यंत. मिठागरं बंद पडत गेली तशी त्यांनी चिंबोरीला हात घातला. खाडीत फग लावायचे, म्हणजे चिंबोरीचे सापळे, आणि सकाळी वडखळच्या नाक्यावर टोपली मांडायची. तिथे गाडीतून उतरणारी मुंबईची माणसं त्यांना विचारतात, "मावशी, भरलेली आहे ना?" तेव्हा त्या म्हणतात, "माजं ऐकू नका, तिलाच विचारा," आणि चिंबोरी गिऱ्हाइकाच्या हातात देतात. गिऱ्हाईक मागे उडी मारतं. मग भाव करायची हिंमत त्याच्यात उरत नाही.

अनिताला बघायला त्या अष्टमीला गेल्या तेव्हा तिचे वडील भीत भीत म्हणाले होते, "मुलगी शिकलेली आहे, लग्नानंतर नोकरी केली तर चालेल ना?" चारचौघांत सगुणाताईंनी उत्तर दिलं, "करंल. खुर्चीवर बसून करंल. डोक्यावर घेऊन करायचं आमच्याकडं माज्यापाशी संपलं." लग्नाला आता अडीच वर्षं झाली. अनितानं पेणला एका दुकानात सहा महिने काम केलं, तेही उभं राहून. मग बाळंतपण आलं, आता छोटी भाविका सात महिन्यांची. सगुणाताईंचा मुलगा, म्हणजे अनिताचा नवरा मिथुन, डोलवीला कंपनीत कंत्राटावर, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. खुर्ची काही येईना. अनिता त्याबद्दल कधी बोलली नाही. सगुणाताई मात्र अष्टमीचं नाव निघालं की विषय बदलत. चारचौघांत दिलेला शब्द होता.

आणि आता खुर्ची आली होती. खरीखुरी, चाकांची, मिथुननं वडखळहून आणलेली. मागच्या खोलीत टेबलासमोर ती ठेवली होती. टेबलावर माझा कंप्युटर. नुसतं नेट नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कंप्युटर पुढच्या खोलीत आणा, पाइपाची भानगडच नको. मीही म्हणालो. सगुणाताईंनी हाताने खोली दाखवली. एका बाजूला चिंबोऱ्यांच्या पाट्या, एका बाजूला पाळणा, मधे टीव्ही, आणि दारात दर दहा मिनिटांनी गिऱ्हाईक.

"हिकडं पेशंट विचारनार, डाक्टर कवा हायत," त्या म्हणाल्या, "आनि मागनं कोनतरी वरडनार, लाखेची हाय का, भरलेली. त्यो पेशंट परत फोन करंल?"

मग वायर बाहेरून, भिंतीवरून घ्यावी. इथे पोपट आडवा येत होता.

पोपट म्हणजे सगुणाताईंचा धाकटा दीर. घर एकच, लांबोडकं, एकामागे एक तीन खोल्यांचं. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली. पुढची खोली आणि मागची खोली सगुणाताईंच्या नवऱ्याला, हिरामणला. मधली मोठी खोली आणि तिच्यापुढचं अंगण पोपटला. असली वाटणी कुणी सुचवली ते आता कुणी कबूल करत नाही. पुढून मागे जायचं तर घराला वळसा घालून बोळातून जावं लागतं. वाटणीनंतर पंधरा दिवसांनी पावसाळ्याच्या तोंडावर एका ताडपत्रीवरून भांडण झालं. ताडपत्री कधीच फाटून गेली, पण दीर-भावजय तेव्हापासून बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी हिरामण गेला तेव्हा पोपटनं खांदा दिला, दहा दिवस सगळं केलं, पाहुण्यांना चहा पाजला. भावजयीशी एक शब्द बोलला नाही. तीही नाही. मधल्या भिंती मात्र बोलायच्या. पोपटनं रेडिओ मोठा लावला की सगुणाताई पाटा-वरवंटा काढत.

त्यामुळे पोपटच्या भिंतीला खिळा ठोकायचा प्रश्नच नव्हता. वायफायनं त्या मधल्या खोलीच्या दोन जाड भिंतींपुढे शनिवारीच हात टेकले होते, आणि हॉस्पिटलला ते चालणारही नव्हतं. उरला तो पाइप. वाटणीच्या आधी, मागची खोली बांधताना, 'कधी फोनबिन घेतला तर' म्हणून हिरामणनं गवंड्याकडून टाकून घेतलेला. फरश्यांखालून, थेट पोपटच्या खोलीखालून, मागे गेलेला. त्यातली तार आता माझ्या मनगटावर होती.

मी तार पुन्हा आत सारायचा प्रयत्न केला. सात-आठ फुटांवर ती अडली आणि आतल्या आत दुमडून बसली. मग मी काठी घातली. मग काठी काढण्यात अर्धा तास गेला. मग मी म्हणालो की शास्त्राप्रमाणे एका बाजूनं दोऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून दुसऱ्या बाजूनं हवा ओढली तर पिशवी येईल. सगुणाताईंनी विचारलं, "हवा कोन ओढनार?" त्यावर मी अनिताकडे पाहिलं आणि अनितानं बाळाकडे पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "मी हॉस्पिटलला कळवते. जमलं नाही म्हणून."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तार लपवावीशी वाटली. सगुणाताई उठल्या. पाटीतल्या सगळ्या चिंबोऱ्या त्यांनी बोटानं उलटसुलट केल्या आणि अगदी तळातून एक लहानशी, मुठीत मावेल अशी उचलली.

"फोन ठेव गो," त्या सुनेला म्हणाल्या. "तंगूस आन."

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. चिवट, बारीक, न दिसणारी. तिची रीळ आली. सगुणाताईंनी चिंबोरीच्या नांग्या बांधल्या, पाठीवरून तंगूस आडवी-उभी घेऊन एक गाठ मारली. ती गाठ मी पाहत होतो, तरी कशी मारली ते मला सांगता येणार नाही.

"ताई, खेकडा तिरका चालतो," मी म्हणालो. शास्त्र सुटत नाही.

"पायप अरुंद हाय. तिला वळाया जागा नाय. जिकडं तोंड नाय तिकडंच जाईल."

"पण मागच्याच खोलीत कशावरून जाईल?"

"उजेडाची आनि मानसांची तिला भीती हाय. वल्या मातीचा वास आला का जाते. अनिता, मागं जा, पायपाच्या तोंडाशी चिखल लाव, दोन बोंबलाची डोकी टाक. आनि गप बस."

अनिता बाळाला कडेवर घेऊन बोळातून मागे गेली. सगुणाताईंनी चिंबोरी पाइपाच्या तोंडाशी धरली, मागून बोटानं टिचकी मारली, आणि ती आत गेली. रीळ माझ्याकडे द्यायला त्यांनी हात पुढे केला, मग विचार बदलला आणि स्वतःकडेच ठेवली.

पुढची दहा मिनिटं मला विसरता येणार नाहीत. आम्ही दोघं पाइपाशी उकिडवे बसलो होतो. रीळ फिरे, थांबे, पुन्हा फिरे. आतून खरवडल्यासारखा आवाज येई. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्यानं विचारलं काय चाललंय, सगुणाताई म्हणाल्या, "नेट जोडतोय." त्यानं पाइपाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मान डोलावली आणि अर्धा डझन घेऊन गेलं. रीळ वीस-एक फूट सुटली असेल. मग ती एकदम भराभरा फिरली आणि थांबली.

मधल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग पोपटचा आवाज, कुणालाही उद्देशून नसलेला: "ही कुटनं आली रं?"

झालं होतं असं. गवंड्यानं पाइप टाकताना मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, एक लहानशी चौकोनी खोबण ठेवली होती, वायर अडली तर हात घालायला. ती सगळेच विसरले. तिचं झाकण कधीच गेलं होतं आणि तिच्यापुढे पोपटचं पाण्याचं पिंप उभं होतं. त्या पिंपामागे अकरा वर्षांत झाडू फिरला नव्हता, हेही त्या दिवशी सगळ्यांना कळलं. चिंबोरीला बोंबलाच्या डोक्यांपेक्षा पोपटच्या पिंपाचा ओलावा जवळचा वाटला, आणि ती तिथे वर आली.

पोपट बाहेर आला. पन्नाशीचा, बनियन-लुंगीतला, हातात चिंबोरी. तंगुशीची दोरी चिंबोरीपासून निघून त्याच्या दारातून आत गेलेली. त्यानं गाठीकडे पाहिलं. गाठ कुणाची आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. तो अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. सगुणाताई आपल्या पायरीवर. दोघांत चार हात अंतर, आणि त्या चार हातांत मी.

"मास्तर," पोपट माझ्याकडे बघत म्हणाला, "यांना सांगा, यांची चिंबोरी माज्या घरात आली."

सगुणाताईही माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "त्यांना सांगा, चिंबोरी कामावर हाय. सोडा तिला."

मी सांगायला तोंड उघडलं, पण दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

"यांना सांगा, माज्या घराखालनं काम चाललंय तं मला इचारलं होतं का?"

"त्यांना सांगा, पायप वाटनीच्या आदीचा हाय."

"यांना सांगा, वाटनीच्या कागदावर नारळ हाय, आंबा हाय, पान्याचा हंडा हाय. पायप नाय."

आता शिक्षकाच्या अंगात समेट घडवायची एक खोड असते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पोपटराव, ताईंचं म्हणणं असं, की झाल्या गैरसोयीबद्दल त्या दिलगीर आहेत आणि कृपा करून..."

"मी कृपा कवा म्हनलं?" सगुणाताई म्हणाल्या.

"ती म्हननारच नाय," पोपट म्हणाला. "मला ठाव हाय ती, मास्तर. तुमी पेनला जा."

मी एक पाऊल मागे सरलो. पोपटनं चिंबोरी या हातातून त्या हातात घेतली. तंगूस आता ताणली गेली होती. त्यानं ती दातानं तोडली असती तर सगळंच संपलं असतं. पाइपातून दुसरी चिंबोरी घालायची म्हटली तरी ती पोपटच्याच पिंपाशी निघाली असती. बोळाच्या टोकाशी अनिता येऊन उभी राहिली होती, बाळाला थोपटत. फोन तिच्या हातात होता.

सगुणाताईंनी सुनेच्या हातातला फोन पाहिला. मग त्या पायरीवरून उतरल्या. मान तशीच ताठ. पोपटसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता, सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या,

"पोपट."

त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पोपट आठ वर्षांचा होता. त्याचं नाक त्यांनीच पुसलेलं. पण अकरा वर्षांत त्याला नावानं त्यांनी हाक मारली नव्हती, आणि ती हाक ऐकून त्याच्या हातातली चिंबोरीसुद्धा दोन सेकंद हलायची थांबली असं मला वाटलं.

"पोरीला उद्या धाच्या आत खुर्चीवर बसवायची हाय," सगुणाताई म्हणाल्या. "मी तिच्या बापाला सांगून बसलीय. वायर तुज्या पिंपाखालनं न्यायची हाय. बोल."

मोठा माणूस एकदम आठ वर्षांचा झाला की काय करावं ते त्याला सुचत नसावं. पोपटनं चिंबोरी उलटी केली, गाठ तपासली. मग म्हणाला, "तू हिला चुकीची बांधलीस."

"मी?"

"मागचा पाय दोरीत अडकलाय. म्हनून ती वर आली. पुडं रेटायला पाय मोकळा पायजे."

"मला शिकवतो? फग लावायला तुला नेला कुनी?"

"दादानं नेला. तू घरी होतीस."

"आनि दादाला शिकवला कुनी?"

असं पाच मिनिटं चाललं. चिंबोरीच्या मागच्या पायावरून. मी आणि अनिता एकमेकांकडे बघत उभे होतो, आणि अनितानं फोन गुपचूप कमरेला खोचला. शेवटी पोपटनं दारातच बसून गाठ सोडली आणि आपल्या पद्धतीनं बांधली. सगुणाताईंनी ती पाहिली आणि "बरी हाय" असं म्हणाल्या नाहीत, पण सोडवलीही नाही.

"मी सोडतो पुडच्या भोकातनं," पोपट उठत म्हणाला. "पन माज्या घराखालनं नेट चाललंय, तं मला पन पायजे. डब्याचा पासवर्ड द्यायचा."

"कशाला पायजे तुला?"

"बघाया."

सगुणाताईंनी विचार केला. ताडपत्रीच्या वेळीही बहुधा असाच केला असेल, पण उत्तर वेगळं आलं. "दे गो त्याला," त्या अनिताला म्हणाल्या. मग पोपटकडे वळून: "ही कामावर असंल तवा पिक्चर लावायचा नाय. लावलास तं पिंपामागनं वायर वडून घेईन."

पिंप बाजूला झालं. पोपटनं खोबणीपलीकडच्या तोंडात चिंबोरी सोडली, पिंपातलं ओंजळभर पाणी मागून ओतलं. आम्ही सगळे बोळातून मागच्या खोलीत धावलो. सगुणाताई चालत आल्या. अनितानं पाइपाच्या तोंडाशी टॉर्च धरला तर सासू म्हणाली, "इजव तो, पाहुनी लाजंल." अंधारात आम्ही बसलो. चौथ्या का पाचव्या मिनिटाला चिखल हलला. आधी एक पाय आला, मग दुसरा, मग बोंबलाच्या डोक्याला मिठी मारून सबंध चिंबोरी बाहेर आली. तिच्या पाठीवर तंगूस होती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाविकानं तेवढा हुंकार दिला.

पुढचं काम मला करू दिलं नाही, हे सांगायला नको. सगुणाताईंनी तंगुशीच्या टोकाला वायरीची पिन बांधली, वर चिंधी गुंडाळली. पोपटनं मधून आणि मग पुढून ओढली. मला बोळात उभं केलं होतं, 'ओढ' आणि 'थांब' हे निरोप पोचवायला. दीर-भावजय आता एकमेकांशी बोलत असले तरी दोन भिंतींपलीकडे आवाज पोचत नव्हता, म्हणून ती जागा रिकामी होती. तीन वाजता वायर पुढच्या पडवीतल्या डब्यात बसली. कंप्युटरच्या मागे एक हिरवा दिवा लागला, मग लुकलुकला. अनितानं हॉस्पिटलचं पान उघडलं. ते उघडलं. तिनं ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं. सासूबाईंनी विचारलं, "आता काय जालं?" "काही नाही," अनिता म्हणाली, "परत बघितलं."

चिंबोरीचं काय करायचं हा प्रश्न निघाला. पोपट म्हणाला, माझ्या घरात निघाली म्हणजे माझी. सगुणाताई म्हणाल्या, एवढीशी खाऊन तुजं काय भागनार. शेवटी पोपट स्वतः तिला खाडीवर सोडून आला. येताना दुसऱ्या दोन मोठ्या घेऊन आला आणि एक सगुणाताईंच्या पायरीवर ठेवून गेला.

सोमवारी मी मुद्दाम नऊलाच पोचलो. निघताना बायको म्हणाली होती, "कशालाही हात लावू नका." दहाला पाच कमी असताना अनिता चाकांच्या खुर्चीवर बसली. ठेवणीतली साडी, कानाला हेडफोन. सगुणाताई नाक्यावर गेल्याच नव्हत्या. दाराशी उभ्या राहून त्या खुर्चीच्या चाकांकडे बघत होत्या. चाकं हलली की त्यांचा हात पुढे यायचा. दहा वाजता पडद्यावर हॉस्पिटलची एक मॅडम आली. तिनं काहीतरी चालवून बघितलं, वेग मोजला, आवाज मोजला, आणि म्हणाली, "लाइन छान आहे तुमची. कुणी जोडून दिली?"

"घरच्यांनी," अनिता म्हणाली.

पहिला फोन सव्वादहाला आला, उरणच्या कुणा आजोबांचा, गुडघ्यासाठी. अनितानं त्यांना गुरुवारची वेळ दिली. आजोबांना गुरुवार चालेना, तिनं शुक्रवार दिला. शेवटी आजोबा म्हणाले, जेवलीस का बाळा. सगुणाताईंनी हे सगळं ऐकलं, मान वळवली नाही, आणि पदरानं नाक पुसून बोळातून पुढे निघून गेल्या. दुपारी अष्टमीला फोन लावला तो त्यांनीच. "बसली," एवढंच व्याह्यांना म्हणाल्या आणि ठेवला.

साडेअकराला पडद्यावरचं चक्र एकदा गोल फिरायला लागलं. मी बोळातून धावत जाऊन सांगितलं. सगुणाताईंनी पुढच्या खोलीतून वरवंट्यानं भिंतीवर दोन ठोके दिले. पलीकडून पोपट म्हणाला, "बंद केला, बंद केला." चक्र थांबलं.

मी निघायला लागलो तेव्हा दुपार झाली होती. सगुणाताई पुन्हा पाटावर बसून नांग्या बांधत होत्या आणि पोपट अंगणातून त्यांना सांगत होता की फग आता अलीकडच्या कोपऱ्यात लावायला पाहिजेत, पाणी बदललंय. त्या त्याला सांगत होत्या की पाणी त्याच्या डोक्यात बदललंय. ते ऐकत मी चपला घातल्या. मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की मी बोलतो.

"ताई," मी म्हणालो, "अकरा वर्षांनी दीर-भावजय बोलायला लागलात. आता हे कायमचंच ना?"

त्यांनी चिंबोरीवरची नजर काढली नाही.

"सोमवार ते शनवार. ऐतवारी अनिताला सुट्टी असते."